बेडूकमाशाचं शेपूट आणि नॉर्मल आलेला रिपोर्ट

लावणीच्या दिवसांत रायगडाच्या पायथ्याच्या हिरकणीवाडीच्या आसपासच्या भातखाचरांत वाकून पाहावं. बांधाच्या कडेला घोटाभर पाण्यात बेडूकमासे वळवळत असतात. त्यातला एखादा ओंजळीत आला तर नवल वाटतं. मागचे दोन पाय चांगले फुटलेले, सांधे आलेले, बोटं आलेली, आणि मागे शेपूट अजून तसंच्या तसं. काही दिवसांनी पुढचे पाय येतात, मग शेपूट आखडत आखडत नाहीसं होतं. ते गळून पडत नाही, शरीरातच जिरतं.

पाय उगवणं आणि शेपूट जिरणं ही दोन अगदी उलटी कामं, पण ती एकच रसायन करवून घेतं. ते म्हणजे थायरॉइडचं हार्मोन, आपल्या गळ्यातली ग्रंथी बनवते तेच. १९१२ साली गुडरनॅच नावाच्या संशोधकाने बेडूकमाशांना घोड्याची थायरॉइड ग्रंथी खाऊ घातली, तेव्हा वाढ पुरी होण्याआधीच त्यांचे इवले इवले बेडूक झाले. याच्या उलट, थायरॉइड काढून टाकलेला बेडूकमासा नुसता मोठा होत राहतो, बेडूक होतच नाही.

मला यातली सगळ्यात थक्क करणारी गोष्ट पुढेच आहे. बेडूकमाशाच्या अंगातलं रक्त एकच. त्यातलं हार्मोनही एकच. मग पाय आधी का फुटतात आणि शेपूट शेवटपर्यंत का टिकतं? शेपटीवर आधीच पाणी सोडलं तर पोहायचं कशाने, म्हणून हा क्रम बेडकाच्या सोयीचा आहे हे खरं. पण तो पाळला जातो कसा? याचं उत्तर प्रत्येक अवयवाच्या आत आहे. रक्तातून आलेल्या हार्मोनला जागं करणारं एक विकर असतं आणि त्याला मोडीत काढणारं दुसरं. पायांच्या पेशींत जागं करणारं विकर लवकर कामाला लागतं, त्यामुळे रक्तात हार्मोन थोडं असतानाही त्यांना ते पुरतं. शेपटीत मोडीत काढणारं विकर पहारा देतं आणि हार्मोनचा जोर शिगेला पोहोचेपर्यंत तिला जपतं. म्हणजे रक्तात किती हार्मोन आहे एवढ्यावरून कुठल्या अवयवात काय चाललंय ते सांगता येत नाही.

आता खाचरातून वर वाडीकडे येऊ. रोपवेच्या खालच्या स्टेशनाजवळ ताक, लिंबू सरबत, झुणका-भाकर विकणाऱ्या आणि उरलेला दिवस शेतात राबणाऱ्या बायांपैकी एखादी डोळ्यांसमोर आणा. थायरॉइडची गोळी दोन वर्षं चालू आहे. पंचवीसेक किलोमीटरवरच्या महाडला जाऊन तिने रक्त दिलं. टीएसएच आलं २.८. कागदावर शेजारीच छापलेलं असतं, ०.४ ते ४ म्हणजे नॉर्मल. डॉक्टर म्हणतात, "रिपोर्ट चांगला आहे ताई, गोळी तशीच चालू ठेवा." ताई म्हणते, "पण अंग जड झालंय हो. सकाळी उठवत नाही. केस मूठमूठ जातात. काय बोलायला आले तेच विसरते." बाहेर पुढचे पेशंट खोळंबलेले असतात. घरी नवरा विचारतो, काय म्हणाले? काही नाही म्हणाले. मग सासूबाईंचं येतं, काही नाही तर दुपारी आडवं कशाला व्हायचं?

ही ताई मी कल्पनेतून उभी केली, पण तिच्यासारख्या बायका खऱ्याच आहेत आणि थोड्या नाहीत. पुरुषांनाही हे होतं, बायकांना कितीतरी जास्त. मुंबई आणि गोव्यासह भारतातल्या आठ शहरांत ५,३७६ प्रौढांची तपासणी झाली होती. २०१३ मध्ये छापून आलेल्या तिच्या निष्कर्षांत जवळजवळ ११ टक्के लोकांत थायरॉइडची मंदी आढळली. गोळी घेऊन टीएसएच ठिकाणावर आल्यावरही साधारण ५ ते १० टक्के रुग्णांचा त्रास पुरता जात नाही, असा वैद्यकातला सर्वसाधारण अंदाज आहे. या सगळ्यांना आपण वर्षानुवर्षं "मनाचे खेळ" म्हणून घरी पाठवत आलो, याचं मला फार वाईट वाटतं. रिपोर्ट खोटा नसतो आणि ताईही खोटं बोलत नसते.

टीएसएच म्हणजे काय ते आधी पाहू, कारण नावामुळे पुष्कळांचा गैरसमज होतो. टीएसएच हे थायरॉइडचं हार्मोन नाहीच. मेंदूच्या बुडाशी जेमतेम अर्ध्या ग्रॅमची पियुषिका ग्रंथी असते, तिने थायरॉइडला धाडलेला तो हुकूम आहे. रक्तात थायरॉइडचं हार्मोन कमी पडलं की पियुषिका हुकमाचा आवाज वाढवते, पुरेसं झालं की उतरवते. तिचे कान फार तिखट आहेत. थायरॉइडचं हार्मोन थोडंसं घसरलं तरी टीएसएच कित्येक पटींनी उसळतं, म्हणून मंदी लवकर पकडायला याच्याइतकी चांगली चाचणी नाही. पण हे तालुक्याच्या गोदामाच्या वहीसारखं आहे. तांदूळ पुरेसा उतरला की नाही ते तिच्यात बिनचूक सापडतं, प्रत्येक घरात चूल पेटली का, ते सापडत नाही.

चूल कशी पेटते, ती गोष्ट उलगडायला माणसाला जवळजवळ ऐंशी वर्षं लागली. १८९१ मध्ये इंग्लंडातल्या न्यूकॅसल इथे जॉर्ज मरे या तरुण डॉक्टरने थायरॉइड मंदावून सुजलेल्या, सुस्तावलेल्या ४६ वर्षांच्या एका बाईला मेंढीच्या थायरॉइडचा अर्क टोचला. बाई उठून कामाला लागली. पुढे ती २८ वर्षं जगली आणि तेवढ्या काळात तिला ८७० हून जास्त मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या. १९१४ च्या नाताळात अमेरिकेत एडवर्ड केंडॉलच्या हाती या अर्कातलं शुद्ध द्रव्य आलं. तेच थायरॉक्सिन, आज डॉक्टर ज्याला टी-फोर म्हणतात. फोर अशासाठी की त्याच्या प्रत्येक रेणूत आयोडिनचे चार अणू असतात. गोळीत असतं ते हेच. दिवसाला १०० मायक्रोग्रॅम घेणाऱ्या माणसाने तीस वर्षं एक दिवस न चुकता गोळी घेतली, तर त्या साऱ्या गोळ्यांतलं मूळ औषध मिळून भरतं साधारण एक ग्रॅम! हृदयाचे ठोके, अंगाची ऊब, आतड्याची चाल, मनाची उभारी, एवढ्या सगळ्याचं गणित तेवढ्या चिमटीवर चालतं.

१९५२ मध्ये लंडनमध्ये रोझलिंड पिट-रिव्हर्स आणि जॅक ग्रॉस यांना आणखी एक हार्मोन सापडलं. त्यात आयोडिनचे अणू तीनच, पण जोर टी-फोरपेक्षा कितीतरी जास्त. हे टी-थ्री. ग्रंथी बनवते बहुतेक टी-फोर. कामाचं टी-थ्री थोडंसं ग्रंथीतून येतं, बाकी सारं टी-फोरमधला आयोडिनचा एक अणू खुडून इतर अवयवांत तयार होतं. माणसाच्या शरीरात हे घडतं याचा पक्का पुरावा १९७० मध्ये मिळाला. तेव्हापासून डॉक्टरांचा हिशेब सरळ झाला: टी-फोरची गोळी द्यायची, शरीर लागेल तसं टी-थ्री करून घेईल. लाखो लोकांच्या बाबतीत तो हिशेब बरोबर निघाला, आणि ते काही लहान यश नव्हे.

पण अणू खुडणारी विकरं तीच आहेत, बेडूकमाशाच्या पायातली आणि शेपटीतली. माणसाने ती मोडीत काढली नाहीत, थोडी वेगळी वापरली. आपल्या मेंदूला लागणारं बरंचसं टी-थ्री मेंदूतच, मज्जापेशींच्या शेजारच्या आधारपेशींत, जागच्या जागी बनतं. यकृताची रीत वेगळी, स्नायूंची वेगळी, आणि पियुषिकेची तर स्वतःची खास.

माद्रिदच्या संशोधकांनी १९९५ मध्ये थायरॉइड काढलेल्या उंदरांना नुसतं टी-फोर वेगवेगळ्या प्रमाणात देऊन पाहिलं. सगळ्याच अवयवांत एकाच वेळी हार्मोनची पातळी ठीक होईल असा एकही डोस सापडला नाही. एक भरलं की दुसरं रितं. पुढे उंदरांवरच्याच कामातून एक कारणही दिसलं. रक्तात टी-फोर वाढलं की बहुतेक अवयवांतलं अणू खुडणारं विकर मंदावतं, पण पियुषिकेला चालवणारा मेंदूचा जो भाग आहे तिथे ते फारसं मंदावत नाही. त्यामुळे हुकूम देणाऱ्यांचं पोट भरलेलं आणि टीएसएच झकास, तर दूरच्या अवयवांत थोडी उपासमार, असं होऊ शकतं. माणसांतही याची खूण सापडते. सिसिलीतल्या कातानियामध्ये ग्रंथी पूर्ण काढलेल्या आणि गोळीवर असलेल्या १,८११ रुग्णांचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. सगळ्यांचं टीएसएच नॉर्मल होतं, तरी पाचातल्या एकाहून अधिक जणांचं टी-थ्री किंवा टी-फोर नॉर्मलच्या बाहेर होतं.

आणि नॉर्मल कोणाचं? कागदावरची ०.४ ते ४ ही पट्टी निरोगी माणसांच्या मोठ्या समूहावरून काढलेली असते. डेन्मार्कमध्ये १६ निरोगी पुरुषांचं रक्त वर्षभर दर महिन्याला तपासलं, तेव्हा असं आढळलं की प्रत्येकाची स्वतःची पट्टी समूहाच्या पट्टीच्या जवळजवळ निम्मीच असते. कोणी कायम एकच्या आसपास, कोणी कायम तीनच्या. आपल्या ताईचा मूळचा आकडा १.२ असेल, तर २.८ तिच्यासाठी चढाच. तिचा आजारपणाआधीचा रिपोर्ट कोणाकडेच नाही, म्हणून ते कळायला वाव नाही.

मग टी-फोरच्या जोडीला टी-थ्री दिलं तर? १९९९ मध्ये ३३ रुग्णांवरच्या एका प्रयोगात याने बरं वाटलं आणि मोठी आशा निर्माण झाली. नंतरच्या बहुतेक प्रयोगांनी ती उचलून धरली नाही. तरी धागा तुटला नाही. २००९ मध्ये ब्रिटनमधल्या ५५२ रुग्णांची जनुकं तपासली. त्यातल्या १६ टक्के लोकांत अणू खुडणाऱ्या विकराच्या जनुकात एक विशिष्ट फरक आईवडील दोघांकडून आलेला होता. नुसत्या टी-फोरवर त्यांना जास्त त्रास होता आणि जोडगोळीने जास्त फरक पडला. पुढच्या सगळ्या अभ्यासांत हे जुळलं नाही. म्हणून टी-थ्रीचा विचार करायचा तर हार्मोनतज्ज्ञाच्या देखरेखीखाली, ठरावीक मुदतीसाठी, आणि गरोदरपणात नाही. स्वतःच्या मनाने टी-फोरची गोळी दीड-दोन करणं तर अगदी टाळावं. जास्तीच्या हार्मोनने पहिले काही दिवस तरतरी वाटते, पण हृदयाचा ताल बिघडतो आणि हाडं झिजतात. पाळी गेलेल्या बाईला तर हे फार महागात पडतं.

आणखी एक वाट आहे आणि ती मला अजून विचारात पाडते. थायरॉइड मंदावण्याचं सर्वांत नेहमीचं कारण म्हणजे शरीराच्या संरक्षक पेशींनी स्वतःच्याच ग्रंथीवर केलेला हल्ला. जपानी शल्यचिकित्सक हाकारू हाशिमोतो यांनी त्याचं वर्णन केलं तेही नेमकं १९१२ मध्येच, बेडूकमाशांवरच्या त्या प्रयोगाच्या वर्षी. नॉर्वेत अशाच १५० रुग्णांवर एक प्रयोग झाला. सगळ्यांचं हार्मोन गोळीने नॉर्मल, ग्रंथीविरोधी प्रतिपिंडं मात्र फार चढलेली, आणि थकवा हटायला तयार नाही. निम्म्यांची ग्रंथी काढून टाकली. २०१९ मध्ये निष्कर्ष आले. दीड वर्षानंतर ग्रंथी काढलेल्यांचा थकवा लक्षणीय कमी झाला होता, बाकीच्यांचा तसाच होता. हार्मोनची पातळी दोन्हींकडे ठीकच. म्हणजे त्रासाचा काही भाग हार्मोनच्या कमतरतेतून येतच नसावा, त्या अंतर्गत लढाईतून येत असावा. म्हणून कोणी ऑपरेशनला धावू नये, त्यात आवाजाच्या नसेला आणि कॅल्शियमच्या ग्रंथींना इजा होण्याचा धोका खरा आहे. पण "रिपोर्ट नॉर्मल म्हणजे त्रास नाहीच" हे म्हणणं या प्रयोगानंतर टिकत नाही.

एवढं सांगून झाल्यावर दुसरी बाजू तितक्याच जोराने सांगायला हवी. ताईचा थकवा थायरॉइडचा नसेलही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९–२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांत रक्तक्षय आढळला. निम्म्याहून जास्त! गळून जाणं, केस जाणं, धाप, डोकं न चालणं, गार पडणं, ही सगळी लक्षणं लोह कमी असतानाही येतात. शिवाय हार्मोन बनवणाऱ्या थायरॉइडमधल्या विकरालाही लोह लागतं, त्यामुळे दोन्ही आजार एकमेकांच्या हातात हात घालून चालतात. बी-१२ ची कमतरता, पाळी जाण्याच्या आधीची वर्षं, झोपेत श्वास अडकणं, मधुमेह, मनाची उदासी, यांपैकी काहीही थायरॉइडच्या नावावर खपून जातं. उदासी हा खरा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. तिचं नाव घेतलं म्हणजे ताईला खोटं ठरवलं असं नाही, हे घरच्यांना कोणीतरी समजावून सांगायला हवं.

महाड तालुक्याला रुग्णाकडे असं निरखून पाहण्याचा वारसा आहे. १९७६ मध्ये डॉ. हिंमतराव बावस्कर बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले. लाल विंचवाच्या दंशाने तेव्हा शंभरात चाळीसच्या आसपास रुग्ण दगावत. खाटेशेजारी रात्र रात्र बसून नाडी, रक्तदाब, घाम, श्वास टिपत टिपत त्यांनी विषाचा हृदयावरचा मारा ओळखला, प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध वापरलं, आणि मृत्यूचं प्रमाण शंभरात एकावर आलं. हे काम 'लॅन्सेट'मध्ये छापलं गेलं, २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. साप, हृदयविकार आणि थायरॉइडची मंदी हेही त्यांच्या अभ्यासाचे विषय राहिले. महागडी यंत्रं नसताना हे घडलं. रुग्ण काय सांगतो आणि त्याच्या अंगात काय दिसतं, ते पुरावा म्हणून लिहून ठेवलं गेलं होतं.

ताईनेही तेच करावं. दोन-तीन आठवडे रोज एक ओळ: किती वाजता झोपले, मध्ये जाग आली का, चढण चढताना कुठे थांबले, पाळीत किती अंगावर गेलं, घोरते असं कोण म्हणालं. मुलीने मोबाइलमध्ये लिहून दिलं तरी चालेल. नुसतं "अंग जड आहे" यापेक्षा "मागच्या दिवाळीत हंडा घेऊन न थांबता घर गाठायचे, आता दोनदा टेकते" हे डॉक्टरला कितीतरी जास्त सांगून जातं.

मग गोळी. ती आतड्यातून नीट शोषली जात नसेल तर पुढचं सगळं शास्त्र व्यर्थ. उठल्यावर रिकाम्या पोटी, नुसत्या पाण्याबरोबर, आणि चहा त्यानंतर किमान अर्ध्या तासाने, तासाने घेतला तर उत्तम. कोकणातल्या घरात पहाटे चूल पेटते ती चहासाठीच, त्यामुळे हा नियम सर्वांत आधी मोडतो. उपकेंद्रातून मिळणारी लोहाची गोळी आणि कॅल्शियमची गोळी थायरॉक्सिनला आतड्यातच धरून ठेवतात, म्हणून त्यांच्यात चार तासांचं अंतर हवं. रक्तक्षयाची गोळी थायरॉइडच्या गोळीबरोबर एकाच घोटात घेणाऱ्या बायका दोन्ही आजारांशी हरत असतात, आणि त्यांना हे कोणी सांगितलेलंच नसतं. सकाळी जमतच नसेल तर रात्री, जेवणानंतर तीनेक तासांनी घेतली तरी चालते. नेदरलँड्समध्ये २०१० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात रात्रीच्या गोळीने हार्मोनची पातळी उलट जास्त सुधारली. गोळीला उष्णता, उजेड आणि दमट हवा सोसत नाही. चुलीवरच्या फळीवर किंवा पावसाळ्यात खिडकीत बाटली ठेवू नये. झाकण घट्ट लावून घरातल्या सर्वांत थंड, कोरड्या कोपऱ्यात ठेवावी.

रक्त द्यायचं ते दर वेळी एकाच लॅबमध्ये आणि साधारण त्याच वेळी, कारण टीएसएच रात्री चढतं आणि दुपारी उतरतं. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना सांगून दोन दिवस आधी थांबवाव्यात, त्या चाचणीलाच चकवतात. पुढच्या खेपेला टीएसएचबरोबर फ्री टी-फोर, हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी-१२ आणि साखर एकदा पाहून घ्यावी. फेरिटिन म्हणजे शरीरातला लोहाचा साठा. हिमोग्लोबिन ठीक दिसत असतानाही तो आटलेला असू शकतो. आठवड्यात गोळी किती वेळा चुकते, ते संकोच न करता खरं सांगावं. चाचणीच्या आधीचे चार दिवस नेमाने घेतलेल्या गोळीने डॉक्टरची फसगत होते आणि नुकसान आपलं.

या काळात कामाची वाटणी बदलावी लागते आणि ती एकट्या बाईने बदलून होत नाही. पाण्याचे हंडे, चिखलातली लावणी आणि दुपारचा स्टॉल, तिन्ही एकाच दिवशी एकीच्याच अंगावर नकोत. तपासणीला जाताना शक्य असेल तर नवऱ्याने किंवा सासूबाईंनी बरोबर जावं आणि डॉक्टर काय म्हणतात ते स्वतः ऐकावं. चालणं मात्र सोडू नये. गडाच्या चौदाशेहून जास्त पायऱ्यांशी पैज घेण्याचं कारण नाही. वाडीतून पाचाडच्या दिशेने रोज जमेल तितकं जावं, आणि दुसऱ्या दिवशी अंग धरलं नाही तर थोडं वाढवावं.

डोस बदलला तर पुढचं रक्त सहा ते आठ आठवड्यांनीच. टी-फोर रक्तात निम्मं व्हायलाच आठवडा लागतो, आणि पियुषिकेचा हुकूम नव्या पातळीला स्थिरावायला त्याहून बराच वेळ. केसांना आणखी काही महिने लागतात.